शिव्या, स्वल्पविरामासकट

सकाळी दूधवाला येऊन गेला, की आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरातून शिव्या ऐकू येतात. भांडणाच्या नव्हेत. भांडणात आवाज चढतो, दुसरी बाजू असते, मध्येच एखादं भांडं आदळतं. या शिव्या आकाशवाणीवर बातम्या वाचाव्यात तशा येतात. सावकाश, स्वच्छ उच्चारात, विरामचिन्हांसकट.

"अबे हरामखोरा, स्वल्पविराम, तुले म्या किती वेळा सांगतलं, प्रश्नचिन्ह. थांब, स्वल्पविराम, येऊनच राह्यलो, उद्गारचिन्ह."

मग चहाचा एक घोट. मग पुढची शिवी.

वाचणारे गृहस्थ म्हणजे वामनराव खोडे. खिडकीत बसलेले, आंघोळ झालेली, कपाळाला गंध, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. जन्मभर कोर्टात स्टेनोगिरी केली आणि निवृत्त झाल्यावर पोलिसांची ध्वनिमुद्रणं कागदावर उतरवून द्यायचं काम धरलं. हल्ली धमकी फोनवर मिळते, लाच फोनवर मागतात, आणि समोरचा ते मुकाट्यानं रेकॉर्ड करतो. तो आवाज पोलिसांकडे येतो. पण आवाज फाइलीला टाचता येत नाही. म्हणून कोणीतरी बसून, शब्दन् शब्द ऐकून, तो टाइप करावा लागतो. वर्ध्यात ते कोणीतरी म्हणजे खोडेकाका.

मी त्यांची शेजारीण, आणि पोलीस शिपाई. त्यामुळे काम नेऊन द्यायचं मीच, आणि सकाळी त्याच कामाच्या शिव्या चहाबरोबर ऐकायच्या त्याही मीच. ठाण्याचं नाव सांगत नाही. आमचे साहेब अजून नोकरीत आहेत आणि मीही आहे.

काकांचा एकच मंत्र : "जसंच्या तसं." टाइप झालं की ते सगळं एकदा मोठ्यानं वाचून रेकॉर्डिंगशी ताडून पाहतात. मी एकदा म्हटलं, "काका, खिडकी तरी लावत जा. गुप्त असतं ना हे."

"नावं वाचतो का मी?" काका दुखावले. "नाव क्रमांक एक, नाव क्रमांक दोन असंच वाचतो. गुप्तता मले शिकवू नको. आणि खिडकी लावली तर जीव घाबरते."

त्या उघड्या खिडकीनं गल्लीची काय दशा केली ते सांगते. समोरच्या ढगेंकडे मुलीला पाहायला पाहुणे आले होते. पोहे झाले, मुलगी आली, खाली मान घालून बसली, ढगेंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "आमची पोरगी तशी गुणाची आहे." तेवढ्यात समोरून स्वच्छ आवाज आला : "तुह्या पोरीले करते कोण, स्वल्पविराम, हरामखोरा, प्रश्नचिन्ह." पाहुणे चहा न घेता उठले. ढगे काठी घेऊन गेले तर काका म्हणाले, "वाक्य माझं नाई. नाव क्रमांक तीनचं आहे."

काकांच्या वरच्या खोलीत सावंगीला मेडिकल शिकणारा एक केरळचा मुलगा भाड्यानं राहायचा. गुणी पोरगा. मराठी आलंच पाहिजे म्हणून तो रोज सकाळी जिन्यात बसून काकांचं वाचन ऐकायचा. महिनाभरानं त्यानं दूधवाल्याला हात जोडून, अत्यंत नम्रपणे म्हटलं, "अबे साल्या, स्वल्पविराम, अर्धा लिटर दूध देता का, प्रश्नचिन्ह." दूधवाला नाचणगावचा, पैलवान गडी. मी मध्ये पडले म्हणून देशाचा एक डॉक्टर वाचला.

आता हे वेड कुठून आलं ते पाहायचं तर आमच्या ठाण्यातले जबाब वाचावे लागतील. तिथं सगळा जिल्हा एकाच भाषेत बोलतो. "सदर इसमाने मला अश्लील शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली." भांडण शेताच्या धुऱ्यावरून असो, कुत्र्यावरून असो की वरातीतल्या डीजेवरून, वाक्य तेच. आजीबाईच्या तोंडी तेच, पोराच्या तोंडी तेच, समुद्रपूरकडच्या गोंड शेतमजुराच्या तोंडीही तेच. काकांनी पस्तीस वर्षं कोर्टात बसून हे एकच वाक्य टाइप केलं. मला वाटतं, त्या वाक्यावर ते आता सूड उगवत आहेत.

म्हणून ते काहीच सोडत नाहीत. कोणी खोकलं तर कंसात "खोकतो". शिंकलं तर "शिंकतो, बाजूचा कोणी 'सत्य आहे' म्हणतो." एका लाचेच्या प्रकरणात मागणारा माणूस बोलता बोलता भजी खात होता. काकांनी पानभर फक्त भजी लिहिली. "(चावतो) पाह्यजो बुवा, (चावतो) वरपर्यंत (गिळतो) द्या लागते." सरकारी वकिलांनी ते वाचलं आणि आम्हाला विचारलं, हा पुरावा आहे की मेनू?

मागचे आवाज ओळखायचाही त्यांना शौक. एकदा खंडणीच्या फोनवर त्यांनी ठामपणे लिहिलं, "पार्श्वभूमीस पिठाची गिरणी चालू." झालं. आमची एक टीम हिंगणघाटातल्या गिरण्या हुडकायला गेली. दोन दिवस गिरणीवाल्यांची बोबडी वळवून, वर्दीवर पीठ घेऊन परत आली. शेवटी आरोपी घरीच सापडला. गिरणी नव्हतीच. बाजूच्या बाजेवर त्याचा बाप घोरत होता.

मी हे काकांना सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाले, "मंग दोष घोरणाऱ्याचा आहे. माणसानं माणसासारखं घोरावं."

असा हा माणूस. स्वतःच्या कानांची एवढी मिजास मी कोणाची पाहिली नाही. पैलवान दंड मिरवतात, बाया पैठणी मिरवतात, काका कान मिरवतात. थंडीत सगळं अंग उघडं राहील, पण कानाला मफलर. कानाजवळ कोणी टाळी वाजवली तर आठवडाभर अबोला.

गेल्या वर्षी एक प्रकरण आलं. समुद्रपूरकडच्या एका गावातलं. सून सासरच्या त्रासानं पळून ठाण्यात आली, तिच्या मोबाइलमध्ये नवऱ्याची आणि दिराची रेकॉर्डिंगं होती. ती तक्रार घेतली माझ्या सहकारी बाईनं. मी तिला फक्त लांबून, बाकावर बसलेलं पाहिलं. आपण तिला सरिता म्हणू. पेनड्राइव्ह मात्र माझ्या हातानं काकांकडे गेला.

सासर वजनदार. घरी ट्रॅक्टर, गावात मान, आणि आमच्या साहेबांशी उठबस. काकांचं टाइप केलेलं आलं ते वाचून साहेबांच्या कपाळाला आठी पडली. शिव्या ठीक होत्या. शिव्यांचं कोणी मनावर घेत नाही. पण एका पानावर दीर बोलला होता, "परत गेली माहेरी तं जाळून टाकीन, आन् स्टोव्ह भडकला म्हणून सांगीन. ठाण्यात आपलाच माणूस हाये." शेवटचं वाक्य साहेबांना विशेष लागलं.

साहेब स्वतः काकांच्या घरी आले. मला सोबत घेतलं. चहा झाला, कौतुक झालं.

"फार बारीक काम आहे हो काका तुमचं," साहेब म्हणाले. ते सांगलीकडचे, बोलणं गोड. "फक्त हे एक पान. इथं आवाज तितका स्वच्छ नाहीये. मीही ऐकलं, मला काही कळलं नाही. तर इथं आपलं कंसात 'अस्पष्ट' टाकलं तर?"

"काय टाकलं तर?"

"अस्पष्ट."

काकांनी कप खाली ठेवला. "कोणाले अस्पष्ट?"

"म्हणजे कोणालाही तसंच वाटेल, काका."

"तुमचा कोणता कान खराब आहे, साहेब? डावा की उजवा?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. काका उठले, त्यांनी हेडफोन आणला आणि साहेबांच्या डोक्यावर चढवला. टोपी काढायलाही वेळ दिला नाही. मग रेकॉर्डिंग लावलं, थांबवलं आणि पोराला पाढे शिकवावेत तसं म्हणाले, "म्हणा. 'परत गेली माहेरी.'"

साहेब हसायचा प्रयत्न करून पुटपुटले, "परत गेली माहेरी."

"'तं जाळून टाकीन.'"

साहेबांनी रुमाल काढून घाम पुसला.

"म्हणा न. पुन्हा लावू का?"

"जाळून टाकीन," साहेब म्हणाले.

"मले अस्पष्ट आलं. जोरानं म्हणा."

खिडकी उघडी होती. ढगेंच्या ओट्यावरची माणसं मान उंचावून पाहत होती. जिन्यात केरळचा पोरगा वही घेऊन बसला होता. आमचे साहेब वर्दीत, डोक्यावर हेडफोन, घामाघूम, आणि ओरडतायत, "जाळून टाकीन!" मी नोकरीत बरंच पाहिलं, पण एवढं सुख कधी मिळालं नाही.

"आता 'ठाण्यात आपलाच माणूस हाये,'" काका म्हणाले.

ते वाक्य साहेबांनी म्हटलं नाही. हेडफोन काढून ठेवला आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

मी थोडी मागे राहिले. म्हटलं, "काका, त्या बाईसाठी तुम्ही एवढ्या मोठ्या माणसाला..."

"कोणती बाई?" काका कडाडले. "तो माह्या कानाले नावं ठेवून गेला! पस्तीस वर्षांत जज्जानं नाई ठेवलं नाव. माह्या कानाले अस्पष्ट म्हणते!"

म्हणजे पाहा. मी देवमाणूस समजून पायाला हात लावायच्या बेतात, आणि इथं नुसता मानपान. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, या माणसाला कानाच्या पलीकडे जगच नाही.

पान तसंच फाइलीला लागलं. सरितानं कोर्टात अर्ज केला होता, की नवऱ्यानं आणि दिरानं आपल्या जवळ येऊ नये असा हुकूम मिळावा. सुनावणीच्या दिवशी ती तापानं आजारी होती, तिची वकीलबाई एकटीच आली. दुसऱ्या बाजूला अख्खं सासर बसलेलं. टाइप केलेलं काकांचं म्हणून त्यांनाही बोलावणं होतं, आणि त्यांना घेऊन मी गेले होते. त्यांचे वकील म्हणाले, "मॅडम, हे पोलिसांच्या टायपिस्टनं मनचं लिहिलंय. अशी भाषा या घरात कोणी बोलतच नाही."

मॅजिस्ट्रेट मॅडमनी काकांकडे पाहिलं. "तुम्हीच लिहिलंय?"

"कानानं सांगतलं, मी टाइप केलं."

"वाचून दाखवा."

काकांनी चष्मा लावला. आणि सुरू झाले, रोज खिडकीतून वाचतात त्याच आवाजात, स्वल्पविराम, उद्गारचिन्ह, सगळ्यासकट. पहिल्या शिवीला मागच्या बाकावर खसखस पिकली. शिपाई तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला. मॅडमही म्हणाल्या, "विरामचिन्हं राहू द्या." काका म्हणाले, "जसंच्या तसं आहे मॅडम," आणि पुढे वाचत राहिले.

शिवी रागानं दिली की ती हवेत जाते. तीच शिवी गंध लावलेल्या म्हाताऱ्यानं, काही चढउतार न करता, एकेक शब्द वेगळा करून वाचली की ती टेबलावर मांडून ठेवल्यासारखी दिसते. पानं उलटत गेली तशी खसखस थांबली. नवरा मोबाइलकडे पाहत होता, तोही पाहायचा थांबला. सासरा टोपीचं टोक चिमटीत धरून बसला होता. दिराचं ते वाक्य आलं. "स्टोव्ह भडकला म्हणून सांगीन, पूर्णविराम." सासऱ्यानं एकदाच मान वळवून आपल्या लहान मुलाकडे पाहिलं.

"कंसात," काका वाचत होते, "बाई रडते."

आणि थांबले. पान उलटायचं होतं, उलटलं नाही. सासरच्या वकिलानं संधी साधली. "रडते कशावरून? हसत पण असेल. काय हो, सांगा ना, कशावरून?"

मला वाटलं, आता संपला हा वकील. थेट काकांच्या कानाला हात घातला यानं. पण काकांनी नुसतं पाणी मागितलं. पाणी प्यायले आणि पुढचं पान वाचायला घेतलं.

हुकूम झाला. नवऱ्यानं आणि दिरानं तिच्या आसपास फिरकायचं नाही, फोन करायचा नाही. सरिता आईकडे राहायला गेली. फौजदारी केस आहेच अजून. आवाजाचे नमुने प्रयोगशाळेत गेले आहेत आणि तिथून जेव्हा येतील तेव्हा येतील.

साहेबांनी मात्र हिशेब चुकता केला. फर्मान निघालं, की खोडेंकडे काम पाठवायचं नाही. जग पुढं गेलंय, मोबाइलमध्ये ॲप आहे, आवाज ऐकवला की आपोआप लिहून देतं. दिलंही त्यानं. "तुले पाहून घेतो" चं त्यानं लिहिलं "तुळस पाहुणे घेतो." "जिवानं मारीन" चं झालं "जीवन मरीन." आमच्या एका दोषारोपपत्रात आरोपीनं फिर्यादीकडून रागाच्या भरात तुळस आणि पाहुणे घेतल्याचं नमूद आहे. साहेबांनी सही केली. ॲप निदान उलट बोलत नाही.

गल्लीत शिव्या बंद झाल्या. ढगेंच्या मुलीचं लग्न जमलं. काका खिडकीत तसेच, गंध लावून, रिकामे बसलेले दिसायचे. मी जाता-येता हाक मारायची. एक दिवस त्यांनीच थांबवलं.

"पोरी, ते समुद्रपूरचं प्रकरण. तिकडची काही खबर?"

"तारीख आहे पुढच्या महिन्यात."

"तारखेचं नाई विचारत." ते खिडकीच्या गजाशी खेळत होते. "नाव क्रमांक दोन. ते बरी आहे का?"

मी सांगितलं, की नाचणगावला आईकडे असते, पुलगावच्या बाजारात भाजी घेऊन बसते असं ऐकलंय.

बाजाराच्या दिवशी काका थैली घेऊन माझ्या दारात. "पुलगावले वांगे चांगले भेटते म्हणते. तुले सुट्टी आहे न आज?" वर्ध्यात वांग्यांचा दुष्काळ पडला होता असं नाही. पण मी चप्पल घातली.

बाजारात मी साध्या साडीत. तिला मी माहीत नव्हते आणि काका तर नव्हतेच. रांगेत मधोमध ती बसली होती, पुढ्यात वांगी, टमाटर, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. चेहरा मी लांबून पाहिलेला, म्हणून मलाही नीट खात्री वाटेना. काका तिच्यापासून बऱ्याच अंतरावर होते, पाठमोरे. ती कोणाला तरी म्हणाली, "ओ मावशी, निवडू नका वं, सगळे सारखेच हाये," आणि काका वळले. वळून सरळ तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"घ्या न बाबा," ती म्हणाली. "सकाळीच तोडले. भरताचे देऊ का भाजीचे?"

काका नुसतेच उभे. तिनं पुन्हा विचारलं. तरी काही नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि जरा दबकून म्हणाली, "ताई, बाबाले ऐकू कमी येते का?"

मी डोळे मिटले. म्हटलं, आता बाजार उठतो.

"हो माय," काका म्हणाले. "कमीच येते. जोरानं बोलजो."

मग ती जोरानं बोलली. भरताची वांगी कोणती, रस्स्याची कोणती, काटे असलेली काऊन चांगली. काका प्रत्येक गोष्टीला "अं?" म्हणायचे आणि ती पुन्हा, आणखी मोठ्यानं सांगायची. शेजारचा मिरचीवाला तिला चिडवून गेला, तर तिनं त्याच्या बापजाद्यांचा उद्धार केला आणि स्वतःच हसत सुटली. काका ऐकत होते. हातातली थैली भरत गेली, वांगी, टमाटर, पुन्हा वांगी. गिऱ्हाईकं मागे खोळंबली तेव्हा मीच त्यांचा दंड धरून बाजूला आणलं.

बसमध्ये मी विचारलं, "सांगितलं काऊन नाई तिले, तुमी कोण ते?"

"काय सांगू?" काका म्हणाले. "म्या तुह्यं रडणं टाइप केलं, हे सांगू?"

बस सुटली. थैली मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली. देवळी गाव मागे पडल्यावर आत डोकावून म्हणाले, "एवढे वांगे. मले एकट्याले कायले लागते? तूच घेऊन जाजो."

"आज संध्याकाळी भरीत करते," मी म्हटलं. "तुम्हीच या जेवायला."

"कोण कोण असते घरी?"

"सगळेच. पोरं, सासूबाई, नवरा. आणि दीर आलेला आहे पोरांना घेऊन. फार कल्ला असतो, काका. तुम्हाला सोसणार नाही."

"सोसते," काका म्हणाले. "येतो."